मुलुंडच्या अलीकडे

ए काका, एक विचारू? अकरा वर्षं तू आम्हाला मुलुंड दाखवलं नाहीस, ते कोर्टाला घाबरून की मला?

तू काय म्हणाला असतास ते मला माहितेय. "शुभे, प्रश्न नंतर. आमटी गरम आहे तोवर जेव." तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी रडले कमी आणि विचार करत बसले जास्त. टेलिफोन खात्यात चौकशीच्या खुर्चीवर बसून दिवसभर लोकांना त्यांना हवे ते नंबर शोधून देते, आणि आपल्याच घरातली एक गोष्ट मला सव्वीस वर्षांची होईपर्यंत कळली नाही. कळली तीही तुझ्याकडून नाही, सावंतांकडून. याचा मला भयंकर राग आलाय. समोर असतास तर चांगली भांडले असते. नाहीस, म्हणून लिहितेय.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण तू ते कधी माझ्या बाजूने ऐकलेलं नाहीस.

आई-बाबा गेले तेव्हा मी दहाची आणि नीलू सहाची. लग्नाहून परत येताना जीप उलटली, एवढंच आम्हाला सांगितलं. तेराव्याला डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत पानं उठली आणि मोठी माणसं आमची वाटणी करायला बसली. वाईट कोणीच नव्हतं हं. सगळे डोळे पुसत होते, आणि डोळे पुसत पुसतच ठरवत होते. कराडचा मामा म्हणाला, थोरलीला मी नेतो, माझ्या पोरांबरोबर वाढेल. धाकटीला नाशिकच्या चुलत आत्याने न्यावं, तिला मूलबाळ नाही. हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं, पण माझ्या डोक्यात शिरलं ते फक्त मामाचं वाक्य. नाशिकचं शिरलंच नाही. दहा वर्षांच्या पोरीला काय, नीलू म्हणजे माझ्या फ्रॉकला धरून चालणारी. ती वेगळीकडे जाऊ शकते हे मला सुचणारच कुठून?

तू तेव्हा ताक वाढत होतास. एक्केचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत कामाला. हात मनगटापर्यंत निळे. तू ताकाचं पातेलं खाली ठेवलंस आणि म्हणालास, "दोघी इथंच राहतील. माझ्याकडे."

"अरे बाळू, तू एकटा पुरुषमाणूस," कोणीतरी म्हणालं. "पोरींच्या वेण्या कोण घालणार?"

"शिकेन."

एवढंच. आणि परत ताक वाढायला लागलास.

मामाला ते लागलं. महिन्याभरात त्याच्या वकिलाचं पत्र आलं, की अविवाहित माणसाकडे दोन मुली ठेवणं बरं दिसत नाही, थोरलीला मामाच्या ताब्यात द्यावं. मग तूही वकील गाठलास आणि ठाण्याच्या कोर्टात अर्ज केलास, की मला या दोघींचा पालक नेमा. आपल्याच भावाच्या पोरींचा पालक व्हायला अर्ज करावा लागतो, याची मला तेव्हा फार गंमत वाटलेली.

जजसाहेबांच्या खोलीत आपण गेलो तो दिवस आठवतो? त्यांनी आधी तुझे हातच बघितले. "हे काय?"

"साहेब, रंगखात्यात आहे. धुतले तरी जात नाही. या आठवड्यात निळा चालू आहे."

टाइप करणारी बाई हसली. साहेबही हसले. मग तुला आणि मामाला बाहेर पाठवलं, आम्हाला एकेक पेपरमिंट दिली आणि मला विचारलं, "बाळ, तुला कुणाकडे राहायला आवडेल?"

आता ऐक. मी म्हणाले, "मामाकडे."

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नीलूला नाही, तुला तर नाहीच नाही. का म्हणाले? कारण मामा हसला की थेट आईसारखा दिसायचा. कारण त्याच्या घरी विहीर होती, झोपाळा होता, चार भावंडं होती. आणि तुझ्याकडे काय होतं? करपलेली पोळी, रॉकेलचा वास, आणि कपाळावर कुंकू लावून देतानासुद्धा थरथरणारा निळा अंगठा. नीलूला विचारलं तर ती म्हणाली, "तायडी जिथे, तिथे," आणि परत पेपरमिंट चोखत बसली.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "काय म्हणाले गं साहेब?" मी म्हणाले, "कितवीत आहेस ते विचारलं." तू आम्हाला कलिंगडाची फोड घेऊन दिलीस. माझी मी नीलूला देऊन टाकली.

तरी निकाल तुझ्या बाजूने लागला. ऑर्डर इंग्रजीत होती. तू ती खाटेवर बसून आम्हाला मराठीत सांगत गेलास, अगदी पूजेची पोथी वाचल्यासारखा. दोघी काकाकडे राहतील. शाळेत घालायचं. आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलींना कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं नाही.

"हद्द म्हणजे काय रे काका?" मी लगेच.

"ठाणे जिल्हा."

माझ्या भूगोलाच्या पुस्तकातला जिल्ह्याचा नकाशा काढून तू त्यावरून बोट फिरवलंस. त्या दिवसापासून आपलं जग ठरलं. इकडे ठाणे स्टेशन, बस्स. पुढचं मुलुंड मुंबईत, म्हणजे परदेश. तिकडे कसारा चालेल, टिटवाळा तर घरचंच. बदलापूर, वांगणी चालेल, पण वांगणीच्या पुढे नाही, म्हणून माथेरान कटाप. शाळेची सहल राणीच्या बागेत निघाली तर तू बाईंना जाऊन सांगितलंस, "आमच्या मुलींना कोर्टाची ऑर्डर आहे." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच कुणाचं तरी काही चोरलंय.

त्याची भरपाई म्हणून तू वसईचा किल्ला काढलास. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. पण गाडीने जायचं तर मध्ये दादर येणार, आणि दादर हद्दीबाहेर! मग आपण ठाण्याला उतरून खोपटच्या डेपोतून एसटी पकडली आणि घोडबंदरवरून खडखडत गेलो. नीलू दोनदा ओकली, त्यातलं एकदा तुझ्या विजारीवर. किल्ल्यात पोचल्यावर तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "बघा! एवढा मोठा पोर्तुगीजांचा किल्ला, आणि हद्दीत!" जसा काही तूच तो रात्रीतून उचलून आत आणलास. दारात टोपली घेऊन बसलेल्या आजीकडून आपण सुकेळी घेतली, ती गोड वाळवलेली केळी. नीलूने ओकारी विसरून चार खाल्ली. मी फुगून बसलेली, पण खोटं कशाला बोलू, मजा आली होती.

आणि वेण्या. बाई गं, त्या वेण्या! शेजारच्या जोशीकाकूंनी खिडकीच्या गजाला सुतळ्या बांधून तुला शिकवलं. कामावरून आलास की गजासमोर उभा राहून तीन पेड घालत बसायचास, आणि गॅलरीतून जाणारे येणारे विचारायचे, "काय बाळू, खाट विणतोस का?" शिकलास मात्र. पण तुझ्या बोटांचा रंग आमच्या पांढऱ्या रिबिनींना लागायचा. या आठवड्यात गुलाबी, पुढच्या आठवड्यात हिरवा. शाळेत बोलणी बसली. मग तू माझे जुने मोजे हातांत चढवून वेण्या घालायला लागलास. पायमोजे घातलेले ते दोन हात केसांत फिरताना इतक्या गुदगुल्या व्हायच्या की नीलू खाली सरकायची आणि तू ओरडायचास, "अगं, हलू नकोस, पेड सुटला!" मी मोठी झाले तेव्हा तू जोशीकाकूंना बोलावून आणलंस आणि स्वतः तासभर गॅलरीत उभा राहिलास. आत आलास तो शिरा करायलाच बसलास. शिऱ्यात साखर दुप्पट पडली होती.

हे सगळं असूनसुद्धा, काका, मी तुझ्यावर वर्षानुवर्षं डाफरत राहिले. कारण एकच, मे महिना.

परीक्षा संपली रे संपली की मी विचारायचे, "यंदा जायचं का मामाकडे?" आणि तू हातातलं काम न सोडता म्हणायचास, "कोर्टाची परवानगी नाही गं." दर वर्षी तेच वाक्य. माझ्याकडे न बघता. वर्गातल्या सगळ्या पोरी मामाच्या गावाला, आणि आम्ही दोघी जोशीकाकूंच्या कुरडया राखत गच्चीवर. एप्रिलमध्ये तू अर्धी रजा टाकून ठाण्याला जायचास, "कोर्टात काम आहे" म्हणून. जूनमध्ये परत एकदा. मला वाटायचं, हा तिकडे जाऊन आमच्या पायातली बेडी घट्ट करून येतो.

सोळाव्या वर्षी तर मी कहरच केला. मामाच्या मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती. तू ती वाचलीस, देवापुढे ठेवलीस आणि तेच म्हणालास. मी सुटलेच. "तुला आम्ही मामाकडे गेलेलं नकोच आहे! कोर्टाचं नुसतं नाव पुढे करतोस. घाबरट आहेस तू. कोंडून ठेवलंयस आम्हाला!"

"असेन," म्हणालास आणि दूध उतू जातंय का ते बघायला गेलास. दूध अजून तापलंही नव्हतं. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की मी जजसाहेबांना मामाचंच नाव सांगितलं होतं, तुझं नाही. का कोण जाणे, गिळलं. चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्यानंतर माझी वेणी मीच घालायला लागले, ती कायमची.

त्यात कायद्याची आणखी एक गंमत. बाकीची पोरं अठराव्या वर्षी सज्ञान होतात, पण कोर्टाने पालक नेमला असेल तर एकवीस पूर्ण व्हावी लागतात. मी मत देऊन आले, बोटाला शाई, आणि कोर्टाच्या लेखी अजून पोर! एकवीस झाले त्याच आठवड्यात मी कल्याणच्या डेपोतून कराडची एसटी पकडली. तूच आलास पोचवायला. खिडकीतून संत्री दिलीस आणि म्हणालास, "राहा हं आठ दिवस. घाई करू नकोस."

मामाकडे काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. आता सांगते. चहा कपबशीतून आला. पोह्यांवर खोबरं होतं. मामीने नारळ आणि ब्लाउजपीस देऊन ओटी भरली, पहिल्याच संध्याकाळी. पाहुणी केव्हा निघणार याचा अंदाज घेत असल्यासारखी. मी मामाला 'अहो मामा' म्हणत होते आणि माझ्या लक्षात आलं की आयुष्यात मी तुला एकदाही अहो केलेलं नाही. मामा म्हणाला, "काय करणार पोरी, तुझ्या काकाला कोर्टाने बांधून ठेवलेलं. नाहीतर दर वर्षी मी स्वतः न्यायला आलो असतो." तिसऱ्या दिवशी मी परत. तू दार उघडलंस.

"कशी झाली गं ट्रिप?"

"मस्त!"

"राहायचंस की अजून."

"रजा नव्हती."

तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंस. मग भरली वांगी केलीस. पुढे काही विचारलं नाहीस, आणि मला वाटलं, या माणसाला कसली म्हणून उत्सुकता नाही. मी अशी चौकस आणि हा असा दगड.

तर आता सावंत. तुझ्या अकराव्या दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. धाप लागलेली, हातात पिशवी. म्हणाले, तुझ्या वकिलांचे कारकून होते, आता रिटायर झालेत, कळव्याला असतात. पाणी प्यायले, तुझ्या फोटोला हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्या थोरल्या. कराडवाल्या."

"कराडवाली? मी कसली कराडवाली?"

"अहो, दर एप्रिलला तुमचाच तर अर्ज लिहायचो मी! मे महिन्यात दोन्ही मुलींना कराडला मामाकडे पाठवायची परवानगी मिळावी म्हणून."

मी म्हणाले, "पण परवानगी मिळायची नाही ना."

"कोण म्हणतं? दोन-चार दिवसांत मिळायची. मामाकडे जायला कोर्ट कशाला अडवेल? अडायचं ते तुमच्या मामांकडे. बाळूभाऊंनी त्यांना कंपनीचा पत्ता दिलेला, घरी पत्र नको म्हणून. मामांचं पत्र यायचं, यंदा घरात आजारपण आहे, यंदा घराचं काम काढलंय, यंदा जमणार नाही. लग्न होतं त्या वर्षी तर लिहिलेलं, पत्रिका रीतीची आहे, पोरींना आणू नका. मग जूनमध्ये बाळूभाऊ परत हजर. सावंत, पुरशिस लिहा."

पुरशिस म्हणजे कोर्टाला लेखी कळवणं, त्यांनीच सांगितलं. की परवानगी मिळाली होती, पण मुलींना नेलं नाही, कारण मामांनी असमर्थता कळवली. "मी म्हणायचो, बाळूभाऊ, कोण वाचतंय हे? तर म्हणायचे, मागून घेतलेली परवानगी, वापरली नाही तर सांगायला नको का? असा माणूस."

मी विचारलं, "आणि मुलुंडला जायचं असलं तर? राणीच्या बागेत? एक दिवस?"

सावंत हसायलाच लागले. "एका दिवसाला कसली परवानगी? काहीतरीच. पहिल्याच वर्षी साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, खुशाल फिरवा पोरींना."

मी तिथल्या तिथे भिंतीला टेकले. म्हणजे तुला माहीत होतं! मग खोपटची ती एसटी? ती नीलूची ओकारी? मग हळूहळू कळत गेलं. एकदा मुलुंडला नेलं असतंस तर दुसऱ्या दिवशी मी विचारलं असतं, मग कराडला का नाही? मी विचारलंच असतं, तू मला ओळखून होतास. मामाला आम्ही नको आहोत हे आम्हाला कळू नये म्हणून तू कोर्ट मध्ये उभं केलंस, आणि ते कोर्ट पडू नये म्हणून सगळी मुंबई बंद केलीस. आमच्यासाठीही आणि स्वतःसाठीही. आमच्यामुळे तूही कधी समुद्रावर गेला नाहीस रे काका.

एक शेवटचं राहिलं होतं. "सावंतकाका, मी तेव्हा जजसाहेबांना काय सांगितलं, ते काकाला कळलं होतं का?"

"ऑर्डरमध्येच होतं ना ताई ते. थोरलीने मामाकडे राहायची इच्छा सांगितली, पण मामा एकीलाच न्यायला तयार, बहिणींची ताटातूट नको, म्हणून काकांकडे. पहिला अर्ज मी लिहिला तेव्हा नुसतं 'सुट्टीसाठी' लिहिलेलं. त्यांनी मला ते खोडायला लावलं. म्हणाले, सावंत, खरं कारण लिहा. थोरलीची तशी इच्छा आहे."

खाटेवर बसून ऑर्डर सांगताना तू एक ओळ गाळलीस, काका. आणि त्या ओळीखातर दर वर्षी कोर्टाची पायरी चढलास. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. तू गेलास त्या दिवशीसुद्धा अशी रडले नव्हते. मला लाज वाटली, तुझा राग आला, आणि तुझ्या त्या रंगलेल्या हातांना धरून बसावंसं वाटलं, ते आता कुठून आणू?

तेराव्याला मामा आला. सत्तरीचा झालाय, काठी टेकत आला, एवढा प्रवास करून. जेवणं झाली. चार माणसं बसलेली, नीलू खीर घेऊन उभी. मामा म्हणाला, "बाळू म्हणजे देवमाणूस. एकच, कोर्टाच्या कागदाला फार धरून बसला. नाहीतर पोरी दर मे महिन्यात माझ्याकडेच असत्या."

"हो ना मामा," नीलू म्हणाली, अगदी मनापासून. "आम्ही किती वाट बघायचो." तिला मी सावंतांचं काही सांगितलेलं नाही.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. सगळं घशाशी आलं. कंपनीच्या पत्त्यावरची पत्रं, लग्नाची पत्रिका, सगळं. मामाने माझ्याकडे बघितलं आणि झटकन मान खाली घातली.

"हो मामा," मी म्हणाले. "कोर्टाची परवानगीच नव्हती ना. काका तरी काय करणार?"

नीलूने मामाला आणखी खीर वाढली. मी उठून गॅलरीत गेले. एकदाच म्हणाले मी ते वाक्य, काका, आणि मला दरदरून घाम फुटला. तू ते दर मे महिन्यात, माझ्याकडून घाबरट म्हणवून घेऊन, हातातलं काम न सोडता कसं म्हणायचास रे?